क्रांती चौकात एक डझन बाण

पुण्याहून निघालेली खासगी बस पहाटे सव्वासहाला मला क्रांती चौकात उतरवून जालना रस्त्याने पुढे निघून गेली, तेव्हा माझ्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात पावणेदोन हात लांबीची काळी प्लॅस्टिकची नळी. उड्डाणपुलाखाली अजून काळोख होता. चहावाल्याचा स्टोव्ह नुकताच पेटला होता. पुतण्या स्कूटर घेऊन यायला दहा मिनिटे होती, म्हणून मी शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याकडे पाहत उभा राहिलो. हा नवा अश्वारूढ पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये इथे बसला. चौथऱ्यासकट त्याची उंची ५२ फूट. मान मागे टाकल्याशिवाय घोड्याचे कान दिसत नाहीत.

"काका, नळीत काय आहे?"

मागे वळून पाहतो तो एक पोलीस शिपाई. मी सरळ मनाने सांगितले, "बाण."

शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळले. "बाण?"

"हो. एक डझन."

"काका," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या शहरात बाण हा शब्द जरा जपून वापरत जा. कोणत्या पक्षाचे ते लोक आधी विचारतात."

झाकण उघडून दाखवावे लागले. आतून काळ्याभोर, गुळगुळीत कार्बनच्या काड्या निघाल्या. शेपटाला हिरवी पिसे, पुढे पितळी टोके. त्याने एक हातात घेऊन तोलून पाहिली, "जड आहे" म्हणाला आणि परत दिली. तो एका शब्दात जे बोलून गेला, ते समजायला मला पुढे संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला.

ह्या बाणांची कुळकथा थोडक्यात सांगतो. आमचे चिरंजीव अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. तिथे १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि शेजाऱ्याच्या नादाने आमच्या चिरंजिवांनाही तो छंद जडला आहे. (सूनबाईंनी ते मांस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले आहे. मी सूनबाईंच्या पक्षाचा.) यंदा उन्हाळ्यात मी तिकडे असताना त्याच्याबरोबर बाणांच्या दुकानात गेलो होतो. म्हातारा दुकानदार मोठा चौकस. त्याने बाण दाखवण्याआधी चार प्रश्न विचारले: धनुष्य किती पौंडांचे, दोरी कुठवर ओढतोस, टोक किती वजनाचे लावणार आणि मारणार काय?

पूर्वीचे धनुष्य म्हणजे एक काठी आणि एक दोरी. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने ते काढले आणि १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो. दोरी मागे आली की चाके वळतात आणि हातावरचा बराचसा भार नाहीसा होतो, त्यामुळे नेम धरून निवांत थांबता येते. मात्र सोडले की सगळा जोर एका क्षणात बाणाच्या शेपटावर बसतो आणि बाण वाकतो. हो, वाकतो! उडताना तो सळसळत्या सापासारखा हेलकावतो आणि मग सरळ होतो. किती वाकावा ह्याचे माप असते, त्याला 'स्पाइन' म्हणतात, म्हणजे आपला कणाच. काडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगायचे आणि ती एका इंचाच्या किती सहस्रांश लवली ते पाहायचे. ३४० सहस्रांश लवली तर तिचा आकडा ३४०, ६०० लवली तर ६००. म्हणजे आकडा जितका मोठा तितका कणा मऊ. हा उलटा हिशेब माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले.

चिरंजिवांचे धनुष्य ६५ पौंडांचे, ओढ २९ इंचांची. त्याला दुकानदाराने ३४० चे बाण दिले. वजन 'ग्रेन'मध्ये सांगतात. आपल्या सोनाराची जशी गुंज, तसा त्यांचा ग्रेन, म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. एका ग्रॅमला साधारण साडेपंधरा. १०० ग्रेनचे पात्याचे टोक धरून चिरंजिवांचा बाण भरला ४३० ग्रेन, जवळपास २८ ग्रॅम. "हलका बाण लवकर पोचतो, जड बाण खोल जातो," म्हातारा म्हणाला. "हरणाला खोल गेलेला बरा. ते कमी वेळ तडफडते." शिकार वीस-तीस यार्डांवरून करायची असते, तेव्हा वेग थोडा कमी असला तरी चालतो; शिवाय जड बाणाने धनुष्याचा आवाज कमी होतो आणि हरीण दचकत नाही. पात्याचे टोक लावले की बाण बोटांवर फिरवून बघायचा. टोक डगमगले तर तो वाऱ्यावर भरकटतो आणि जनावर नुसते जखमी होऊन झाडीत पळते. हे सगळे मी ऐकले, माना डोलावल्या, वहीत टिपूनही घेतले.

आणि पुढच्याच आठवड्यात पुतण्याचा फोन आला. त्याची मुलगी, म्हणजे माझी चुलत नात, कंपाउंड धनुष्य चालवते. वय १६. फोनवर बोलता बोलता पुतण्या म्हणाला, "बाण कमी पडताहेत, काका; मागवतोय." मी म्हणालो, "खबरदार मागवलेस तर! बाणांच्या राजधानीत बसलोय मी." दुसऱ्या दिवशी एकटाच दुकानात गेलो आणि सांगितले, "माझ्या मुलाला दिलेत त्यातले एक डझन." नेमका त्या दिवशी काउंटरवर म्हातारा नव्हता, कोणी पोरगा होता. त्याने चार प्रश्न विचारले नाहीत आणि मीही विचारले नाहीत. दीडशे डॉलर मोजले.

पुतण्याचे घर समर्थनगरात, चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर. दुपारी त्याच्याबरोबर पुन्हा चौकात आलो. ह्या जागेला जुने लोक काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या उन्हाळ्यात इथल्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातले शिपाई इंग्रजांविरुद्ध उठले. बाहेरून फौज आली, काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिले. ती शिक्षा ज्या जागी झाली असे सांगतात, तिथून आज रिक्षा, सिटीबस आणि शाळेची पोरे चारही दिशांना धावत असतात. पाटी वाचायलाही कोणी थांबत नाही. मीही पूर्वी कधी थांबलो नव्हतो.

संध्याकाळी शहराच्या कडेच्या मैदानावर गेलो. नात आली, वाकून नमस्कार केला आणि तिची नजर नळीवर. तिने सुरुवात केली बांबूच्या धनुष्यावर. मग ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत एकाच दिवशी साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये वैयक्तिक विजेते झाले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंतांच्या हाताखाली तयार झालेले. आदिती तेव्हा १७ वर्षांची होती, आणि ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्या दिवसापासून आमच्या नातीने घरात दुसरे काही बोलू दिलेले नाही. आता २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र दुहेरी आली आहे, तेव्हा विचारूच नका.

प्रशिक्षक तिशीतले, शांत गृहस्थ. त्यांनी एक बाण काढला, काडीवरचा आकडा वाचला, परत ठेवला. दुसरा काढला, वाचला, ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका, हे हरणाचे बाण आहेत."

मी म्हणालो, "पात्यांची टोके मी मुद्दाम आणली नाहीत."

"टोकाचं नाही. हिचं धनुष्य ४२ पौंडांचं, ओढ २६ इंच. हिला ६०० चा बाण लागतो. हा ३४० चा. हिच्या धनुष्याला तो वाकायचाच नाही. आणि वजन बघा. पन्नास मीटरवर नेम धरायचा तर सायटीची पट्टी संपेल." थोडे थांबून ते म्हणाले, "उलट झालं असतं तर मात्र वाईट. मऊ बाण जोरदार धनुष्यावर लावला तर फुटतो आणि कार्बनची कुसळं हातात घुसतात. हे निदान निरुपद्रवी आहेत."

निरुपद्रवी! दीडशे डॉलरच्या देणगीला ह्याहून बोचरे विशेषण मी आजवर ऐकलेले नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. म्हणजे ज्या एका कामासाठी हे बाण घडले, ते काम ह्या देशात गुन्हा आहे.

खरी गोम पुढेच होती. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी. आणि आज शुक्रवार. एका फेरीला सहा बाण लागतात, अशा बारा फेऱ्या, एकूण ७२ बाण, ७२० गुण. नातीजवळ जुने सात बाण होते. प्रशिक्षकांनी एकेक कानाशी धरून हलकेच वाकवला. दोन बाणांतून बारीक 'कर्र' आवाज आला. ते त्यांनी तिथेच मोडून टाकले. उरले पाच. आणि पुतण्याने नवे मागवले नव्हते, कारण काका आणणार होते.

कोणी मला काही बोलले नाही. नात तर म्हणाली, "आजोबा, नळी मस्त आहे." त्या रात्री मला जेवण गेले नाही. कॉलेजात असताना अजिंठ्याला १० व्या लेण्यात श्याम जातकाचे पुसट चित्र पाहिले होते. आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या मुलाला शिकारीला आलेल्या राजाचा बाण लागतो, आपल्या श्रावणबाळासारखीच कथा. राजाचे तरी भलतीकडे लक्ष होते. मी वहीत सगळे टिपून घेऊन चुकलो होतो.

शनिवारी सकाळी नातीबरोबर सराव करणारी एक मुलगी घरी आली. तीही रविवारी उतरणार होती, म्हणजे प्रतिस्पर्धीच. तिच्याकडे ६०० चेच दहा बाण होते, फक्त अर्धा इंच लांब. तिने एक टेबलावर ठेवला. "काप," म्हणाली. कापलेला बाण तिच्या कामाचा राहणार नाही हे तिला ठाऊक होते.

कार्बन साध्या करवतीने कापत नाहीत, काडी पिंजते. भरभर फिरणाऱ्या घासचक्रीने कापतात, तोंडाला ओले फडके बांधून, कारण ती भुकटी छातीत गेलेली चांगली नाही. ते प्रशिक्षकांनी केले. मग जेवणाच्या टेबलावर जुनी पिसे सोलली, काडी स्पिरिटने पुसली, आणि साच्यात धरून नवी तीन पिसे सारख्या अंतरावर चिकटवली. एका खेळाडूचे सगळे बाण एकाच रंगरूपाचे असावे लागतात आणि काडीवर नावाची अक्षरे लागतात, असा नियम आहे. अक्षरे मी घातली. एवढेच काम मला मिळाले.

संध्याकाळी सराफ्यात गेलो. पुतण्याच्या ओळखीच्या सराफाने मंगळसूत्रे बाजूला सारून सहाही बाण काट्यावर ठेवले. पाच बाण सारखे, सहावा पाव ग्रॅम जास्त. "सोन्याचा असता तर मी बोललो असतो," सराफ म्हणाला. प्रशिक्षकांनी फोनवर हिशेब सांगितला: पाव ग्रॅमने पन्नास मीटरवर तीन-चार सेंटीमीटर खाली उतरेल. दहाचे वर्तुळ सगळे आठ सेंटीमीटर रुंदीचे. म्हणजे मधोमध धरलेला नेम दहाच्या नेमक्या काठावर जाणार. नातीने त्या बाणावर लाल ठिपका काढला आणि म्हणाली, "हा शेवटी मारीन. सायट एक खिट वर."

रविवारी दुर्बिणीतून मी फक्त लाल ठिपका बघत होतो. पहिल्या फेरीत तो नऊमध्ये गेला, दुसऱ्या फेरीत आठमध्ये, आणि मी दुर्बीण खाली ठेवली. तिसऱ्या फेरीपासून पुतण्या मोजत होता: दहा, नऊ, दहा, दहा... सातव्या फेरीत वारा सुटला आणि सगळ्यांचेच बाण भरकटले. शेवटी यादी लागली. चार जणींची निवड. बाण देणारी मुलगी पहिली, आमची नात चौथी. पाचवीपेक्षा दोन गुण जास्त.

नातीने लाल ठिपक्याचा बाण परत द्यायला काढला. ती मुलगी म्हणाली, "आखूड झालाय, ठेव तुला."

माझे बाण प्रशिक्षकांनी ठेवून घेतले. त्यांच्याकडे कन्नडकडचा एक मुलगा आहे, हाडापेराने मोठा, वर्षभरात चार इंच उंच झालेला. "हा साठ पौंड ओढायला लागला की जवळच्या सरावाला वापरेल. दोन वर्षं लागतील," ते म्हणाले. मुलगा लाजून हसला. नळी मात्र नातीने मागून घेतली.

रात्री दहाला बस क्रांती चौकातूनच होती. पुतळ्यावरचे दिवे लागले होते, खाली कणसांच्या गाडीभोवती गर्दी होती. तोच शिपाई ड्यूटीवर होता. मला पाहून जवळ आला, माझा रिकामा हात पाहिला.

"काका, बाण?"

"दिले."

"कोणाला?"

तेवढ्यात बस आली.