दोन बोटी सांगून आल्या

घरात एकदम दोन चांगली स्थळे सांगून आली की आनंदापेक्षा गोंधळच अधिक माजतो. एकच स्थळ असले म्हणजे मोकळेपणाने नावे ठेवता येतात. दोन असली की एकाला नाव ठेवताच दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखे होते. लग्नाला पन्नास वर्षे झाल्यावर आमच्या घरी हा प्रसंग आला. फरक एवढाच, की या खेपेस स्थळे लेकीने आईबापांसाठी आणली होती, आणि ती होती बोटींची.

लेक न्यू जर्सीत असते. "जानेवारीत तुम्ही इकडे येताच आहात, तर आठवडाभर कॅरिबियन समुद्रात फिरून या. दोन बोटी मी बघून ठेवल्या आहेत. कोणती ते तुम्ही ठरवा," असे तिने फोनवर सांगितले आणि दोन्हींची माहितीपत्रके पाठवून दिली. पडद्यावर वाचलेले आमच्या ह्यांना वाचल्यासारखे वाटत नाही. तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून ती कागदावर उतरवून आणली, टाचणी लावली, आणि पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ती दोन बाडे पडून राहिली.

पहिले स्थळ गर्भश्रीमंत. नाव 'आयकॉन ऑफ द सीज'. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेली ही बोट २७ जानेवारी २०२४ रोजी मायामीहून पहिल्या सफरीवर निघाली. लांबी ३६५ मीटर, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक मीटर! टायटॅनिक २६९ मीटरांची होती. मजले वीस, पोहण्याचे तलाव सात, पाण्याच्या घसरगुंड्या सहा, बर्फावर घसरण्याचे मैदान एक, आणि मधोमध खऱ्या झाडांची बाग. सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० उतारू, आणि त्यांच्या तैनातीला २,३५० माणसे. एवढ्या वस्तीला आपल्याकडे नगरपालिका असते आणि तिच्या निवडणुकीत मारामाऱ्या होतात.

दुसरे स्थळ जुन्या घराण्यातले वाटावे असे, पण वयाने तसे तरुणच. नाव 'रॉयल क्लिपर', बांधणी २००० सालची. पाच डोलकाठ्या, बेचाळीस शिडे, लांबी १३४ मीटर, उतारू फार तर २२७. १९०२ साली जर्मनीत 'प्रॉयसेन' नावाचे पाच डोलकाठ्यांचे मोठे मालवाहू गलबत झाले होते, त्याच्या धर्तीवर हिची रचना केली आहे. ते प्रॉयसेन पुढे १९१० साली इंग्लिश खाडीत एका आगबोटीशी टक्कर होऊन निकामी झाले, ही गोष्ट माहितीपत्रकात नव्हती. ती ह्यांनी कुठूनशी शोधून काढली आणि नेमकी रात्री झोपताना मला सांगितली. शिडे असली तरी पोटात इंजिन आहे, सगळा भरवसा वाऱ्यावर ठेवलेला नाही. मात्र उद्वाहक नाही. लिफ्ट हो! खोलीतून जेवायला, जेवणाहून डेकवर, सगळीकडे जिने.

वरवर पाहता निवड सोपी होती. माझा उजवा गुडघा दोन वर्षे कुरकुरतो आहे. लेकीने पहिल्या फोनमध्येच सांगून टाकले, "आई, मोठ्या बोटीला लिफ्ट आहेत. छोटीला नाहीत. एवढं लक्षात ठेव." पण खरा मुद्दा तिने दुसऱ्या फोनला काढला. मोठी बोट घेतली तर ती, जावई आणि दोन्ही नातवंडे आमच्याबरोबर येणार. नातू नऊ वर्षांचा, नात तेरा. त्यांना शिडांच्या बोटीवर आठवडाभर काय करायचे? तिथे ना घसरगुंडी, ना बर्फ. छोटी घेतली तर आम्ही दोघेच जाणार. नातवाने फोन हिसकावून घेतला आणि म्हणाला, "आजी, तू मोठीच घे. मी तुझा हात धरून तुला स्लाइडवरून खाली आणीन." आता सांगा, यावर कुठली आजी माहितीपत्रक वाचत बसेल?

मी तरीही वाचत बसले, त्याला कारण आमचे हे.

मोठी बोट मायामीहून निघून मेक्सिकोच्या कोझुमेलला जाते, होंडुरासच्या रोआतान बेटाला जाते, आणि वाटेत बहामातल्या कंपनीच्या स्वतःच्या बेटावर एक दिवस घालवते. ह्यांनी तो नकाशा पाहिला आणि विचारले, "इथे क्रिकेट खेळतात का?" छोटी बोट निघते बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहून. तिच्या वाटेवर सेंट लुशिया आहे, डॉमिनिका आहे, व्हिव्हियन रिचर्ड्सचे अँटिग्वा आहे. दोन फ्रेंच बेटेही आहेत, त्यांचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. म्हणजे पुन्हा फोटो आणि पुन्हा बँकेचे पुस्तक. पण ब्रिजटाउन हे नाव वाचले आणि ह्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

ह्यांचे बार्बाडोस सांगायचे तर १९७१ सालापासून सांगावे लागेल. खरे तर १९६२ पासून. त्या वर्षी ब्रिजटाउनलाच ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला आणि फ्रँक वॉरेलने त्याला स्वतःचे रक्त दिले. तेव्हा हे शाळेत होते. १९७१ मध्ये हे कॉलेजात गेले होते आणि वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला होता. किंग्स्टनला सरदेसाईच्या २१२ धावा, पोर्ट ऑफ स्पेनला सात गडी राखून विजय, ब्रिजटाउनला पुन्हा सरदेसाईच्या दीडशे आणि गावसकरच्या नाबाद ११७. आणि त्या पोराच्या चार कसोटींत मिळून ७७४! तिकडचा खेळ संपतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. हे पहाटे वर्तमानपत्राच्या पोऱ्याची वाट पाहत जिन्यात बसून राहायचे. सगळी कात्रणे त्यांनी एका लांबट हिशेबाच्या वहीत चिकटवली. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा कपाटाच्या वरच्या खणात ती वही होती. माझ्या साड्यांना दुसरा खण मिळाला.

त्या ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर एकदा उभे राहायचे, एवढीच ह्यांची हौस. तेही मैदान आता तसे राहिलेले नाही. २००७ च्या विश्वचषकासाठी प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागा नव्याने बांधल्या. मी हे सांगितले तर म्हणाले, "खेळपट्टी तर हलवली नाही ना?" २९ जून २०२४ च्या रात्री त्याच मैदानावर आपण विसाविसांचा विश्वचषक जिंकलो आणि रोहित शर्माने तिथली माती तोंडात घातली, तेव्हा हे टाळ्या वाजवीत नव्हते. गप्प बसून पडद्यावरची मागची बाजू पाहत होते.

आणि असा हा मनुष्य एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "मोठीच घेऊ. तुझा गुडघा आहे, पोरं आहेत. मैदान काय, मी पाहिल्यासारखंच आहे." असे म्हणून छोट्या बोटीचे बाड त्यांनी नीट घडी करून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. रद्दीत नव्हे, गठ्ठ्यावर. संसार पन्नास वर्षांचा असला म्हणजे एवढा फरक कळतो.

येथे थोडे माझे सांगते. आमचे हे पक्के पुणेरी. बोट म्हणजे हाताचे, एवढेच त्यांना ठाऊक. लग्नानंतर पहिल्यांदा मी 'मला लहानपणी फार बोट लागायची' असे म्हटले, तेव्हा ह्यांनी विचारले होते, "कुणाचं?" मी वेंगुर्ल्याची. आमच्या लहानपणी मुंबईहून घरी जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने. ही बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर उभी राहायची, मग पडाव यायचा, आणि लाटेने पडाव वर उचलला की खलाशी आम्हा पोरांना बखोटीला धरून त्यात घ्यायचा. आई डोळे मिटून घ्यायची. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी 'रामदास' बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. ती माझ्या जन्माआधीची गोष्ट. पण आमच्या घरी बोटीत पाऊल टाकताना तिची आठवण कुणी ना कुणी काढायचेच. असे असूनही रात्री डेकवर सतरंजीवर पडले की कठड्यापलीकडे पाणी इतके जवळ असायचे, की त्याचा वास आणि आवाज अंगावर यायचा. ओकाऱ्या काढून झाल्या की मी तिकडेच तोंड करून झोपत असे.

मोठ्या बोटीचा नकाशा मी भिंग घेऊन पाहिला. तिच्यावर काही खोल्यांना सज्जे आहेत ते आतल्या बाजूला, बागेकडे उघडणारे. म्हणजे समुद्रावर जाऊन सज्जात बसायचे आणि समोरच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले टॉवेल पाहायचे. ही सोय आम्हाला सदाशिव पेठेत बसल्या जागी आहे. बाहेरच्या खोल्याही आहेत, नाही असे नाही. पण पंधराव्या मजल्यावरून समुद्र पाहणे म्हणजे विमानातून गाव पाहणे. मी मोठ्या बोटीला नावे ठेवीत नाही. तान्ही मुले, म्हातारी माणसे, चाकाच्या खुर्चीतली माणसे, सगळ्यांना एका दोरीत बांधून सुखाने फिरवून आणणे ही सोपी गोष्ट नव्हे. बोटीच्या कडेला पाण्याखाली पंख बसवतात, त्याने डुलणे कमी होते. ते सगळे मी वाचले. पण तिथे नातवंडे तरी भेटणार होती का? नात तिच्या वयाच्या मुलींत, नातू घसरगुंडीच्या रांगेत. दिवसातून दोनदा जेवताना गाठ पडायची. आणि सफरीच्या आधी तीन आठवडे व नंतर दोन आठवडे आम्ही त्यांच्याच घरी राहणार आहोत, त्यांच्याच शेजारच्या खोलीत. हा हिशेब मी पेन्सिलने कागदाच्या मागे मांडला आणि ह्यांच्यासमोर ठेवला.

"आणि गुडघा?" ह्यांनी विचारले.

"आपण कितव्या मजल्यावर राहतो?"

तिसऱ्या. पायऱ्या चोपन्न. लिफ्ट नाही. दुधासाठी एकदा आणि भाजीसाठी एकदा, अशी मी रोज दोनदा चढते-उतरते. डॉक्टरांना विचारले, तेही म्हणाले, कठडा धरून सावकाश चढा, बंद करू नका. बेटावर उतरताना लहान होडीत पाय टाकावा लागेल, ती मला खरी धास्ती आहे. पण पडावात चढलेल्या बाईला होडीत कसे उतरायचे हे कुणी शिकवायला नको. लाट वर येईपर्यंत थांबायचे, आणि आल्यावर विचार करायचा नाही.

ह्यांनी रद्दीच्या गठ्ठ्यावरचे बाड उचलले. काही बोलले नाहीत. फक्त त्यावरची धूळ शर्टाने पुसली, जी तिथे चार दिवसांत साचणे शक्य नव्हते.

लेकीला फोन मी केला. छोटी ठरली म्हणून सांगितले, तर पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मुलांनी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, आई." मी काही बोलले नाही. तिने तिकडे रजा टाकून ठेवली होती, हे मला जावयाकडून नंतर कळले. नात फोनवर आलीच नाही. मुलीच्या सासरचे एखादे कार्य आपल्यामुळे पुढे ढकलावे लागले तर जसे वाटते तसे काही दिवस वाटत राहिले. अजूनही जाताना वाटते. पण ती दुसऱ्या दिवशी स्वतःच जिन्याची चौकशी करून आली आणि खालच्या मजल्यावरची, मधल्या भागातली खोली घ्या, तिथे बोट कमी डुलते, असे तिने कळवले. पैसे आम्ही आमच्या ठेवीतून भरले. त्यावर जावयाशी दोन दिवस वाद झाला, तो त्यांनी हरला.

आता घरात तयारी चालू आहे. डोलकाठीवर चढण्याची हौस असलेल्या उतारूंना त्या बोटीवर पहिल्या टप्प्यापर्यंत चढू देतात, असे वाचल्यापासून ह्यांची नजर मला नीट दिसत नाही. पंचाहत्तरीच्या माणसाने कुठवर चढावे याचा निर्णय मी कप्तानावर सोपवलेला नाही. मळमळीवर आल्याच्या वड्या करून ठेवल्या आहेत. हिशेबाची वही बरोबर न्यायची की नाही यावर मतभेद आहेत. ती जीर्ण झाली आहे आणि समुद्राची हवा दमट. तूर्त तिला प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून पाहिले आहे.

परवा रविवारी नातवाचा फोन आला. रुसवा बराच निवळला असावा. त्याला आजोबांशीच बोलायचे होते. प्रश्न एकच: शिडाच्या बोटीला ब्रेक कुठे असतो? ह्यांनी सांगायला सुरुवात केली. वारा कसा येतो, शीड कसे वळवतात, कसे गुंडाळतात. टेबलावर कागद ओढून ते चित्रेही काढू लागले, जी फोनवर त्याला दिसत नव्हती. मी पिशवी घेतली, चोपन्न पायऱ्या उतरले, दूध घेतले, वर आले. तोवर त्यांचे तिसरेच शीड चालले होते.