मुसाफिर

कोन्याच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता. मुक्कामाची सोय आधी केलेली नव्हती. पोहोचल्यावर बघू, ही आम्हा दोघांची जुनी सवय. मौलाना रूमींचं निधन 17 डिसेंबर 1273 रोजी झालं. दर डिसेंबरात त्यांच्या स्मरणसोहळ्याला इथे जगभरातून माणसं येतात, हे ठाऊक असूनही आम्ही बेफिकीर राहिलो.

ट्रामने अलाउद्दीन टेकडीपाशी आलो आणि हिरव्या घुमटाच्या दिशेने दारोदार विचारत सुटलो. सगळीकडे एकच शब्द, ‘दोलू’. म्हणजे भरलंय. थंडीने बोटं गारठली होती.

एका लहानशा पान्सियोनच्या म्हाताऱ्या मालकानेही ‘दोलू’ म्हटलं. पण दार लावलं नाही. आता नाव विचारतील, म्हणून आम्ही सावरून उभे राहिलो. पुण्यात भाड्याचं घर शोधताना नाव सांगितलं की ‘आत्ताच दिलं’ हे उत्तर ठरलेलं असायचं.

त्यांनी नाव विचारलंच नाही. जेवणाच्या खोलीत दोन गाद्या घातल्या. कोपऱ्यात एक जपानी मुलगा आधीच झोपला होता. ‘तानरी मिसाफिरी’, ते म्हणाले. देवाने धाडलेला पाहुणा. आपण प्रवाशाला मुसाफिर म्हणतो. तुर्कीत त्याच शब्दाचा अर्थ पाहुणा.

पासपोर्ट पाहून वहीत नावं लिहिली ती सकाळी, चहा झाल्यावर.

परतल्यावर एकदा रात्री आमच्या दारावर थाप पडली. आम्ही आतूनच विचारलं, ‘कोण? नाव काय?’ आणि दोघेही क्षणभर गप्प झालो.