उंबरा एक, जिल्हे तीन

आपले लेकरू शिकायला पुण्याला जाते. वसतिगृहात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारते, “गाव कुठले?” लेकरू सांगते, “नांदेडकडचे.” लगेच दुसरा म्हणतो, “म्हणजे विदर्भ ना?” तिसरा म्हणतो, “छे, नांदेड आंध्रात आहे.” संध्याकाळी घरून फोन येतो. “माय, काय करायलीस?” एवढे लेकराच्या तोंडून निघते आणि खोलीत हशा पिकतो. दुसऱ्या दिवसापासून लेकरू आईशी बाहेर जाऊन, हळू आवाजात बोलू लागते.

वाचकहो, ही गोष्ट तुमच्या-आमच्या घरातलीच आहे. म्हणून आज जरा आपल्याच मुलखात फिरून येऊ.

प्रथम उदगीरला चला. तिथल्या एखाद्या जुन्या घरात तीन पिढ्यांचे कागद काढून पाहा. आजोबा जन्मले तेव्हा तालुका उदगीर, जिल्हा बिदर, हैदराबाद संस्थान. जुनी माणसे याच मुलखाला मोगलाई म्हणत. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्ये झाली, तेव्हा बिदर कर्नाटकाकडे गेले आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात आले. त्यानंतर वडील जन्मले, त्यांच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद. 1982 साली लातूर जिल्हा वेगळा झाला, म्हणून मुलाच्या कागदावर लातूर. उंबरा तोच, विहीर तीच, जिल्हे मात्र तीन.

आता देगलूरला उतरा आणि बाजारात घटकाभर उभे राहून नुसते ऐका. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू अशा चारही बोली कानावर येतील. इकडे सीमा अशीच आहे. पूर्वी नांदेड जिल्ह्यात असलेला मुधोळ तालुका 1956 साली आदिलाबादकडे गेला. त्याच्याबरोबर गोदाकाठचे बासरही गेले. तरी लेकराच्या हातात पाटी देण्यापूर्वी बासरच्या सरस्वतीला जाणारी घरे नांदेडकडे आजही आहेत. उलट आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला मिळाला. मांजरा नदी तर बीडच्या डोंगरात उगम पावते, लातूर जिल्ह्यातून बिदरकडे जाते, तेलंगणातून वळून पुन्हा नांदेडच्या सीमेवर येते आणि गोदावरीला मिळते.

मग आपण विदर्भातले का नाही? विदर्भ इंग्रजी अमलाखाली होता आणि 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. आपण निजामाच्या राज्यात होतो. शेजार जुना, पण राज्य, शाळा आणि कचेरीची भाषा वेगळी. बोलीही त्यातूनच घडली. पुण्याचा माणूस “करतोय” म्हणतो, नांदेडचा “करायलो” आणि लातूरचा “करलालो”. काम तिघांचेही चालूच आहे. चूक कोणाचीच नाही.

पण मंडळी, दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आपलेही पाहावे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यापाशी पिढ्यान् पिढ्या राहिलेले, अस्खलित मराठी बोलणारे शीख बांधव आहेत. त्यांना आपल्यापैकीच कोणी विचारतो, “पंजाबातून कधी आलात?” दक्षिणेचा कोणीही भेटला की आपण त्याला मद्रासी म्हणून मोकळे होतो.

विलायतेबाबतही तसेच. तिथला प्रत्येक गोरा आपल्या लेखी इंग्रज. खरे तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स हे एका बेटावरचे तीन देश. त्यात उत्तर आयर्लंड मिळून एक राज्य होते. प्रत्येकाचा बोलण्याचा हेल वेगळा. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ आपल्या बोलण्यात इंग्रज असतो, पण तो जन्मला स्कॉटलंडात. स्कॉटलंडच्या माणसाला इंग्रज म्हटले, तर त्यालाही आपल्या लेकरासारखेच वाटते.

तेव्हा सुटीत लेकरू घरी आले की त्याला आजोबांजवळ बसवा आणि ते तीन कागद दाखवा. म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर ते न लाजता सांगेल, “विदर्भ नाही, आंध्र नाही. आम्ही मराठवाड्याचे.” आणि समोरच्यालाही विचारेल, “तुमचे गाव कुठले? तिकडे कसे बोलतात?” एवढे विचारता आले, म्हणजे शिकायला पाठवल्याचे चीज झाले. आणि हो, आईशी बोलताना आवाज खाली घेऊ नकोस, हेही त्याला सांगा.