वस्त्राचा गोंडा

परळी वैजनाथ हें आमचें गांव. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या या गांवाच्या देवाचें मूळ नांव वैद्यनाथ. तेव्हां आमचा देवच धंद्यानें वैद्य आहे, असें आम्ही लहानपणीं थट्टेनें म्हणत असूं. समुद्रमंथनांतून निघालेले धन्वंतरि आणि अमृत विष्णूनें येथील लिंगांत दडविलें. दानवांनीं हात लावतांच त्यांतून ज्वाळा उसळल्या, आणि शिवभक्तांनीं हात लावला तेव्हां अमृताच्या धारा वाहिल्या, ही कथा येथील पोरासोरांस ठाऊक असते. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं वैद्यनाथ आमचा कीं देवघरचा, हा वाद जुना आहे. तो येथें उकरून काढण्याचें कारण नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, येथील भाविक देवास दुरून हात जोडून परतत नाहीं, तो लिंगास स्पर्श करून दर्शन घेतो. अहल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेल्या त्या दगडी देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकीं पुष्कळजण कांहीं ना कांहीं दुखणें घेऊन चढत असतात. स्वतःचें नसेल तर घरच्या कोणाचें.

अशा गांवांत वाढलेल्या मनास ख्रिस्ती शुभवर्तमानांतील एक कथा परकी वाटली नाहीं, यांत नवल नाहीं. मार्काच्या पांचव्या अध्यायांत ती आहे. याईर नांवाचा सभास्थानाचा एक अधिकारी येशूच्या पायां पडून सांगतो कीं, आपली मुलगी मरणोन्मुख आहे. येशू निघतो, भोंवतीं लोकांची एकच रेटारेटी. त्या गर्दींत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली एक स्त्री असते. मुलीचें वयहि बाराच वर्षांचें. एकीचें आयुष्य सुरू झालें त्याच सुमारास दुसरीचें थांबलेलें. तिनें होतें नव्हतें तें वैद्यांच्या पदरांत घातलेलें, आणि मार्क रोखठोक सांगतो कीं गुण येण्याऐवजीं दुखणें वाढलेंच. हीच कथा लूकानें सांगितली आहे. परंपरा त्यास वैद्य मानते. आणि गंमत अशी कीं, तिला कोणाच्यानें बरें करवलें नाहीं एवढेंच म्हणून तो पुढें जातो. व्यवसायबंधूंची एवढी भीड माणसानें राखावीच!

मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें अशा स्त्रीचें अंथरूण, तिचें आसन आणि त्यांस शिवणारा माणूस, सारेंच अशुद्ध. विटाळ या शब्दाचा अर्थ मराठी घरांत कोणास समजावून द्यावा लागत नाहीं. म्हणूनच ती समोरून न येतां पाठीमागून येते आणि वस्त्रास हात लावते. मत्तय आणि लूक म्हणतात कीं, तिनें वस्त्राच्या गोंड्यास हात लावला. हे गोंडे यहुदी पुरुषांनीं नियमशास्त्राच्या आज्ञांची आठवण राहावी म्हणून वस्त्राच्या टोंकांस लावावयाचे असत. ज्या शास्त्रानें तिला दूर बसविलें, त्याच्याच खुणेस तिनें हात घातला! तिला हें कळत होतें कीं नव्हतें, कोण जाणे. तिच्या हातास तेवढाच कांठ लागला, हें खरें.

या कथेशीं आमचा सलोखा जडला तो मात्र विद्वत्तेनें नव्हे. आमच्या थोरल्या आत्याबाई असल्याच दुखण्यामुळें सासरहून माहेरीं आलेल्या होत्या. आठ वर्षें त्या ओसरीच्या एका कोंपऱ्यांत राहिल्या. त्यांचें ताट वेगळें, तांब्या वेगळा, घोंगडी वेगळी. काढे झाले, अंगारे झाले, नवससायास झाले. ज्या देवास कोणींहि हात लावावा, त्याच्या पायऱ्यांखालूनच त्या दर सोमवारीं परत येत. कारण आमच्या घरची रीत त्यांना वर जाऊं देत नसे. नात्यांतील एक वडीलधारे गृहस्थ येत आणि जातांना हटकून म्हणत, “भाव कमी पडतोय, दुसरें कांहीं नाहीं.” हे शब्द त्यांच्या दुखण्याहून अधिक त्यांस लागत. दुखण्यानें शरीर झिजत होतें. या शब्दांनीं, देवासहि आपण नकोशा आहों, असें त्यांस वाटूं लागलें.

पुढें सोलापुरास नेऊन त्यांची शस्त्रक्रिया झाली. गर्भाशयांतील गांठ निघाली, स्राव थांबला. त्या वेळीं अंबाजोगाईचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघावयाचें होतें. तें १९७४ सालीं निघालें आणि आमच्या भागांतील किती बायकांचा तो लांबचा प्रवास वांचला. परंतु आत्याबाई बऱ्या होऊन आल्या त्या पुनः ओसरीच्या कोंपऱ्यांतच बसल्या. दुखणें संपल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. घरांतील कोणीं सांगितलें नव्हतें. असे कित्येक महिने गेले. श्रावणांतील एका सोमवारीं आमची आई त्यांच्यापुढें उभी राहून म्हणाली, “वन्सं, चला.” गाभाऱ्याशीं त्या थबकल्या, तेव्हां आईनें त्यांचा हात धरून लिंगावर ठेवला. घरीं येऊन तिनें दोघींचीं पानें शेजारींशेजारीं मांडलीं. आत्याबाई त्या दिवशीं काय बोलल्या तें आम्हांस आठवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या चुलीपुढें बसून भाकरी थापीत होत्या, हें मात्र स्पष्ट आठवतें.

म्हणून त्या कथेचा उत्तरार्ध आम्हांस पूर्वार्धाहून मोठा वाटतो. ती स्त्री स्पर्श करतांच बरी झाली होती; चमत्कार तेथेंच संपला असता तर ती गुपचूप घरीं गेली असती आणि शेजाऱ्यांच्या लेखीं अशुद्धच राहिली असती. पण येशू थांबतो, आणि आपणांस कोणीं स्पर्श केला असें विचारतो. शिष्यांस हा प्रश्न वेडगळ वाटतो. एवढ्या रेट्यांत कोणाकोणाचा धक्का लागला असेल! याईराचा जीव तर टांगणीस लागलेला. तरीहि तो ती पुढें येईपर्यंत थांबतो, चारचौघांसमक्ष तिला मुलगी म्हणून हांक मारतो, आणि तिच्या विश्वासानेंच ती बरी झाल्याचें सांगतो. स्पर्शानें रोग गेला. त्या एका हांकेनें ती माणसांत आली. पहिला उपचार आपल्या हातचा नाहीं. दुसरा कोणाहि वहिनीच्या, भावजयीच्या, शेजारणीच्या हातचा आहे.

आतां त्या विश्वासाविषयीं. याच वचनाची काठी करून कित्येकांनीं रोग्यांस झोडपलें आहे: तुझा विश्वास असता तर तूं बरा झाला असतास! शुभवर्तमानाचा आधार या निष्ठुरपणास मिळत नाहीं. छप्पर उघडून ज्या पक्षघाताच्या रोग्यास खालीं सोडलें, त्याच्या कथेंत त्यास आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला गेला. याईराच्या मुलीस विश्वास ठेवण्याइतकी शुद्धच नव्हती. फेंफरें येणाऱ्या मुलाचा बाप आपला विश्वास अर्धामुर्धाच असल्याचें बोलून दाखवितो, तरीहि मुलगा बरा होतो. नासरेथांत अविश्वासामुळें फारसें कांहीं घडलें नाहीं, हेंहि तेथेंच लिहिलें आहे. पण तो गांवकऱ्यांचा हेटाळणीचा अविश्वास होता. आणि पौलासारख्या प्रेषितानें आपल्या देहांतील कांटा निघावा म्हणून तीन वेळां विनविलें, तरी कांटा राहिलाच. म्हणून त्याचा भाव कमी पडला, असें कोणी म्हणत नाहीं. विश्वास म्हणजे खात्री नव्हे. थरथरणारा हात पुढें करणें, एवढेंच त्या स्त्रीनें केलें.

श्रद्धेचें आणि औषधाचें भांडण लावून देणारे लोक दोन्हीं बाजूंस आहेत. सर विल्यम वान्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय काढलें. ते मिशनरी होते आणि निष्णात शस्त्रवैद्यहि होते, एकामुळें दुसऱ्यास बाध आला नाहीं. उलट, साप-विंचू चावलेल्या माणसास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्रतंत्र करीत बसणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे, तो योग्यच आहे. जी श्रद्धा रोग्याचा हात वैद्याच्या हातांतून सोडविते, ती त्यास एकटें पाडते. आणि एकटें पडणें हाच तर त्या स्त्रीचा अर्धा रोग होता.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं दीर्घ दुखणें असेल, तर त्यांनीं औषध वेळेवर द्यावें, देवास मनापासून आळवावें, आणि रोग्याचा भाव मोजण्याच्या भरीस पडूं नये. तें माप आपल्या हातीं दिलेलें नाहीं. त्याचें पान मात्र आपल्या शेजारीं मांडावें.