दात पाहून घेतलेली गाडी

आमच्या घरी मोटारगाडी यावी असे कधी कुणाला वाटले नव्हते. भिवंडीसारख्या गावात, जिथे अंजूरफाट्यावर एकदा चाक थांबले की शेजारून चाललेली शेळीसुद्धा आपल्याला मागे टाकून जाते, तिथे गाडी बाळगणे हा मला तरी नेहमीच हौशी वेडेपणा वाटत आला. पण गेल्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. तात्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि आमचे आठही माग भंगारात गेले.

माग कसे गेले ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी साधे माग होते त्यांना ते ठाऊक आहे; आणि ज्यांच्या घरी नव्हते त्यांना, तो खटखटाट थांबल्यावर पहिल्या रात्री झोप का येत नाही, हे सांगून कळायचे नाही. काट्यावर लोखंड चढले, भंगारवाल्याने बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या. तात्यांनी त्या पुन्हा न मोजता माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, "नदीवर जायला काहीतरी बघ."

आमच्याकडे नदी म्हटली की ती तानसा. कामवारी गावातूनच वाहते, पण तिच्याकडे पाहून आता कुणाच्या हाताला गळ आठवत नाही. तानसेचे पाणी 1892 सालच्या धरणातून मुंबईला जाते हे साऱ्यांना माहीत असते. धरणाखाली उरलेली नदी अंबाडी, वज्रेश्वरी, अकलोलीवरून रमतगमत वैतरणेला मिळते, हे मात्र तिच्या काठी बसणाऱ्यांनाच ठाऊक. अकलोलीला तिच्या पात्राशी गरम पाण्याची कुंडे आहेत. लोक तिथे अंग शेकायला जातात. तात्यांचे अंग मात्र चाळीस वर्षे त्याच नदीच्या थंड पाण्यात निवत आले. मागांना सुट्टी असली की पहाटेची एस. टी. धरायची, अंबाडी नाक्यावर उतरायचे, आणि शेतांच्या बांधांवरून, दोन ओढे ओलांडून, अर्ध्या तासात आपल्या जांभळीखाली जाऊन बसायचे. सोबत गळ, डब्यात गांडुळे आणि भाकरी. पावसाळ्याच्या आरंभी वलगण लागते, म्हणजे मासे अंड्यांवर येऊन ओढ्यांतून थेट भातखाचरांत चढू लागतात. तेव्हा सारा मुलूख टोपल्या घेऊन धावतो. तात्या त्या दिवसांत घरी बसत. "बाळंतिणीला धरायचे नसते," असे ते म्हणत आणि आश्विनात पाणी निवळायची वाट पाहत.

तो अर्धा तास आता त्यांना चालवत नव्हता. मोटारसायकलवर मागे बसवून एकदा नेले, तर दुसऱ्या ओढ्यात आम्ही दोघेही बसलो.

तेव्हा गाडी हवी ती बांधापर्यंत जाणारी. आणि इथे, खोटे कशाला बोलू, माझ्या मनातला पोरगा जागा झाला. मला जीप हवी होती. युद्ध संपल्यावर, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, विलीसच्या जीपची जोडणी माझगावात सुरू झाली आणि ती चौकोनी नाकाची गाडी मामलेदारापासून पुढाऱ्यापर्यंत सर्वांच्या बुडाखाली गेली. पुढे 1985 मध्ये मारुतीची जिप्सी आली. वजनाने जेमतेम टनभर, चारही चाकांना जोर आणि लष्कराची पसंती. नवी जिप्सी आता कारखान्यातून निघत नाही. त्यामुळे जुनीचा भाव एखाद्या वारलेल्या कवीप्रमाणे वाढला आहे.

जुनी गाडी शोधायला लागल्यावर पहिला शोध असा लागला की, सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्या असतात. "डॉक्टरसाहेबांची गाडी, एकहाती चाललेली, पावसात कधी बाहेर काढली नाही." आमच्या परिसरात जितक्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकल्या जातात, तितके डॉक्टर खरोखर असते तर इथे माणूस आजारी पडायला धजावला नसता.

दुसरा शोध तात्यांच्या पद्धतीचा. ते लहानपणी आजोबांबरोबर मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला जात. पौष पौर्णिमेला तिथे बैलांचा मोठा बाजार भरतो. बैल पाहायची रीत त्यांच्या अंगात अशी मुरलेली की गाडीलाही त्यांनी तीच लावली. आधी लांबून नुसते पाहायचे. मग भोवती एक फेरी. मग दात. जनावर दोनदाती, चारदाती की जुळलेले, ते तोंड उघडून पाहिल्याशिवाय मालकाचा शब्द धरायचा नाही. "हिचे दात कुठे असतात?" त्यांनी आमच्या मिस्त्रीला विचारले.

मिस्त्री हसला नाही. त्याने खाली वाकून दाखवले. गाडीचे खरे वय चकचकीत रंगात नसते. ते खालच्या पत्र्यात, दाराच्या काठात आणि चॅसीच्या जोडांत असते. तिथे हातोडीचा हलका ठोका मारायचा. टणक वाजले तर बरे, बद्द वाजले तर गंजाने आत घर केले. इंजिन आपण जाण्याआधी तापवून ठेवले असेल, तर त्या दिवशी परत फिरायचे, कारण थंड इंजिनच खरे बोलते. धूर निळा आला तर ते ऑइल पिते. ऑइलची पट्टी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले, हात जोडून निघावे. स्टिअरिंग जरा हलवून चाक केव्हा हलते ते बघावे. मधली गफलत जितकी मोठी, तितका पुढचा खर्च मोठा.

या ज्ञानावर एक फार देखणी गाडी आम्ही नाकारली. आत अत्तराचा वास, बैठकांना नवी कव्हरे. मिस्त्रीने बैठकीचा पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटचा हातभर पट्टा मातकट होता. बुडालेली गाडी धुता येते, पण आत गुंडाळलेला पट्टा धुवायचे विकणाऱ्याला सुचत नाही. 26 जुलै 2005 नंतर आमच्याकडच्या मिस्त्र्यांना ही नजर आली, आणि पुढच्या पुरांनी ती घासून लख्ख केली. विकणारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब घामट होते."

मग जिप्सी आली. हिरवी, उघड्या अंगाची. खालून टणक वाजली, धूर स्वच्छ, चार चाकांचा दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा पडला. मिस्त्रीने मान डोलावली. मी तर मनाने केव्हाच तानसेच्या पात्रात उतरलो होतो. तात्यांनी फेरी घातली, दाराची कड धरली, उजवा पाय उचलला. पाय अर्ध्यावर गेला आणि परत खाली आला. त्यांनी जणू चप्पल झटकायलाच तो उचलला होता असे करून चप्पल झटकली आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. घे."

मी ते पाहिले होते. पाहिले नाही असे मी ठरवले. पायरी जोडून घेऊ, हात देऊन चढवू, एखादा पाट ठेवू, अशी उत्तरे मनात रचीत मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी बयाणा द्यायचे कबूल करून बसलो.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तर पुढच्या दाराची कडी निघालेली. बाहेर अंधारात तात्या चौकटीला धरून उभे होते. ओटा आमचा बराच उंच. ते एक पाय ओट्यावर टाकायचे, अंग वर ओढायचे, थोडे थांबायचे, मग खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला तोंडातून बारीकसा आवाज निघे. मी तीन खेपा मोजल्या आणि पाणी न पिताच अंथरुणावर येऊन पडलो. सकाळी जिप्सीवाल्याला नकार कळवला. तात्यांना सांगितले की कागदांत घोटाळा निघाला.

शेवटी जी मिळाली ती पांढरी बोलेरो, 2013 ची, वाड्याकडच्या एका शेतकऱ्याची. दुधाचे कॅन आदळून मागचा पत्रा पिचलेला. जोर फक्त मागच्या चाकांना. पण दाराखाली रुंद पायरी, आणि आत धरायला कडी. मिस्त्री म्हणाला, "चार चाकांचा जोर माणसाला नको तिथे घेऊन जातो. टायर चांगले घाला, एक फावडे नि दोरखंड ठेवा, आणि थांबायचे कुठे ते शिका." माझ्या मनातला पोरगा जरा हिरमुसला. तात्या मात्र पायरीवर पाय ठेवून एका दमात चढले, उतरले, आणि उगाच पुन्हा एकदा चढले.

भाव ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढून हातावर पसरला. मला लाजल्यासारखे झाले. पण त्या शेतकऱ्याने क्षणभर पाहिले आणि तोंडभर हसून रुमालाखाली हात घातला. तोही म्हशाचाच गिऱ्हाईक! पाच मिनिटे दोघे आभाळाकडे पाहत उभे होते. खाली बोटे बोलत होती. मागांच्या पैशांत गाडी बसली आणि चार टायरांपुरते उरले. मग 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, विम्यावरचे नाव, आधीचे कर्ज फिटल्याचा दाखला. ही सारी रुक्ष कामे मी केली, कारण ती रुमालाखाली होत नाहीत.

आश्विनात पहिल्यांदा निघालो. अंबाडीच्या पुढची जुनी पायवाट एका गोदामाच्या भिंतीला जाऊन टेकली होती. तात्यांनी भिंतीकडे पाहिले, काही बोलले नाहीत, बोटाने उजवीकडचा बांध दाखवला. पहिला ओढा गाडीने हसत पार केला. दुसऱ्यात मागचे चाक फिरू लागले तेव्हा मी उतरून फावडे मारले आणि तात्यांनी आत बसून हुकूम सोडले. जांभूळ जागेवर होती.

गाडी काठाला लागली. ते उतरले नाहीत. दार सताड उघडून, पाय पायरीवर सोडून, तिथूनच त्यांनी गळ टाकला. दुपारपर्यंत दोन शिवडे आणि एक बोटभर मरळ मिळाली. मरळ परत पाण्यात गेली. परतताना चिखलात चाक पुन्हा अडले, तेव्हा मागे वळून ते म्हणाले, "पुढच्या खेपेला एक फळी घे. आणि मिस्त्रीलाही आण, त्याला गांडूळ लावता येत नाही म्हणत होता."