पिसं कुठं गेली?

बरीच वर्षं मी लग्नाचे फोटो काढले ते निगेटिव्ह रोलवर. तेव्हाची एक सवय अंगात मुरली होती : शंका आली की अर्धा-एक स्टॉप प्रकाश जास्त द्यायचा. कमी पडला तर प्रिंट मातकट येते. जास्त झाला तर लॅबवाला सांभाळून घेतो. पुढे डिजिटल कॅमेरा आला, सवय मात्र तीच राहिली. ती भोवली भिगवणला.

फेब्रुवारीतली सकाळ होती. कुंभारगावहून होडीने उजनीच्या फुगवट्यात शिरलो. नऊच्या सुमारास ऊन लख्ख पडलं आणि काळपट पाण्यावर फ्लेमिंगोंचा थवा दिसला. आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ८. शटर कॅमेऱ्यावर सोपवलेलं, वर सवयीने थोडा जास्त प्रकाश. त्याने १/५०० दिलं. धडाधड फोटो काढले आणि कौतुकाने स्क्रीन होडीवाल्यासमोर धरली.

"लई पांढरं आलंय की वो. पिसं कुठं गेली?"

फोटो मोठा करून पाहिला. पंख नव्हताच, पांढऱ्या कागदाचा कापलेला तुकडा होता. हिस्टोग्राम उजव्या भिंतीला जाऊन चिकटला होता. मीटरला पक्षी कळत नाही. समोर जे दिसेल ते त्याला मध्यम करड्यावर आणायचं असतं. चौकटभर गडद पाणी, म्हणून त्याने पाणी उजळलं आणि त्यात पक्षी जळाला. निगेटिव्ह असती तर पांढऱ्यातही थोडं काही उरलं असतं. सेन्सर एकदा काठोकाठ भरला की त्यापुढचं सगळं सारखंच. रॉ फाइलमधल्या सावल्या दाणे सोसून उजळता येतात, पण जळालेलं पांढरं परत येत नाही.

मग दीड स्टॉप उणे केले. पाण्यावर ते जमलं. तेवढ्यात थवा उडाला, मागे उजळ आकाश आलं. मीटरने आपणहून प्रकाश कापला, त्यात माझे उणे. पक्षी काजळले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मागे पाणी असो की आकाश, पक्ष्यावरचं ऊन तेच होतं. रोलच्या खोक्यावर छापलेला जुना तक्ता आठवला : लख्ख उन्हात एफ १६, आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. म्हणजे ४०० ला १/४००. एफ ८ वर आणलं तर १/१६००. पक्षी पांढरा, म्हणून आणखी थोडं कमी, १/२०००. मीटरला सुट्टी देऊन कॅमेरा मॅन्युअलवर टाकला. पुढच्या थव्यात पिसंन् पीस उठलं, पंखातली गुलाबी झाकसुद्धा.

परतताना खांबावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा दिसला. त्याच खुशीत, त्याच आकड्यांवर बटण दाबलं. होडीवाल्याने स्क्रीन पाहिली. या वेळी काहीच बोलला नाही. मी मुकाट्याने शटर १/५०० वर आणलं.