वडिलांची खुकरी

माझे वडील माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. १९८९ साली नौदलात दाखल झालेल्या 'खुकरी'ला त्यांचे हात लागले होते. ती नौका निवृत्त होऊन दीवला आली, म्हणून मी तिला पाहायला गेले. पण आधी चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर चढले. तिथे काचेच्या पेटीत पहिल्या, १९७१मध्ये बुडालेल्या खुकरीची प्रतिकृती आहे.

तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. जन्म गोरखपूरचा, १९२६चा. १९४८मध्ये ते नौदलात अधिकारी झाले, पुढे 'कृष्णा' ही नौका सांभाळली, लंडनला उपनौदल सल्लागार म्हणून राहिले. १९७१च्या युद्धात चौदावं फ्रिगेट पथक त्यांच्या हाताखाली होतं.

दीवच्या बाजूला पाकिस्तानी पाणबुडीचा माग लागला, तेव्हा तिला हुडकायला खुकरी आणि किरपाण या युद्धनौका निघाल्या. ती पाणबुडी होती फ्रेंच बनावटीची 'हँगोर'. तिच्या सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रणेला, फार लांबचं ऐकू येई, खुकरीच्या सोनारला तितकं नाही. ते सुधारण्याचा एक प्रयोग खुकरीवर चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे. कॅप्टन मुल्लांना यातला धोका कळला नसेल, हे मला पटत नाही.

९ डिसेंबर, रात्री पावणेनऊचा सुमार. पाणतीर खुकरीच्या पोटात शिरला.

नौका काही मिनिटांतच बुडाली. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं: मुल्लांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला, घुटमळणाऱ्यांना पाण्यात उड्या मारायला लावल्या, स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं. स्वतः मात्र उतरले नाहीत. शेवटचे दिसले ते ब्रिजवर, खुर्चीत बसलेले. बुडत्या नौकेबरोबर जावंच, असा नौदलाचा नियम नाही. खाली अडकलेल्या माणसांना सोडून जाणं त्यांना जमलं नसावं, असं मला वाटतं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले, ६७ जण वाचले. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

संध्याकाळी मी वडिलांच्या खुकरीवर गेले. ते सांगायचे, नौकेला काय नाव मिळणार हे कळल्यापासून डॉकमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्या रात्रीचा विषय निघायचा, आणि म्हातारे फोरमन एखादा जोड पुन्हा तपासायला उठून जायचे. जिना उतरताना मी कठड्याच्या जोडावरून बोट फिरवत आले.